घाण्यामागे पळीभर तेल

खानापूर तालुक्यातल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात एका मुलाचा सत्कार झाला. देवळासमोर मांडव, शाल, श्रीफळ, फेटा, सगळे रीतसर. मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जाऊन पडला, बेळगावात बीएस्सी केले, जॅमची परीक्षा देऊन एमएस्सीला बाहेर गेला आणि आता क्वांटम संगणनाच्या, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे नियम वापरून चालणाऱ्या संगणकांच्या, सिद्धांतात पीएचडी संपवून पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनासाठी, युरोपला निघाला होता. बीएस्सीची तीन वर्षे तो माझ्या वर्गात बसला, म्हणून मलाही बोलावणे होते. भाषणे संपली, चहा फिरला आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयीच वाद जुंपला. तोच वाद नंतर मी बेळगावात आणखी तीनचार ठिकाणी ऐकला, आणि दर वेळी त्याच चुकीच्या वाटेने गेलेला पाहिला. म्हणून हे लिहितो आहे.

एक पक्ष म्हणतो, जे यंत्र अजून धड कामाला लागलेले नाही त्याच्या गणितात उमेदीची दहा वर्षे घालवणे गरिबाच्या पोराला परवडत नाही. सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केले असते तर एव्हाना पुण्यात घर झाले असते. दुसरा पक्ष म्हणतो, क्वांटम म्हणजे उद्याचे आयटी. केंद्राने २०२३ मध्ये ६,००३ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले, २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने १,००० कोटींचे वेगळे मिशन जाहीर केले, तेव्हा पोराने बरोबर घोड्यावर पैसे लावले आहेत. दोघे एकमेकांवर आवाज चढवतात, पण मोजमाप दोघांचे एकच: यंत्र कधी येणार आणि पैसा कधी सुटणार. माझे म्हणणे असे की हे मोजमापच चुकीचे आहे. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाच्या कामाची किंमत यंत्राच्या आगमनाच्या तारखेवर ठरत नाही. त्याने कोणता प्रश्न कायमचा मिटवला, काय होऊ शकते आणि काय कधीच होऊ शकत नाही याची रेघ कुठे ओढली, त्यावर ती ठरते. आणि अशी रेघ ओढणारी मुले सीमाभागातून निघावीत यासाठी आपण, म्हणजे इथल्या मराठी माणसांनी, स्वतःच्या खिशात हात घातला पाहिजे.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मान्य करतो. आजवर एकाही क्वांटम संगणकाने असे कोणतेही काम केलेले नाही की ज्यासाठी बँकेने, कारखान्याने किंवा इस्पितळाने आपला नेहमीचा संगणक बाजूला ठेवावा. २०१९ मध्ये गूगलने ५३ क्युबिटांच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक) यंत्रावर जे गणित २०० सेकंदांत केले ते महासंगणकाला १०,००० वर्षे लागेल असे जाहीर केले. आयबीएमने लगेच सांगितले की नीट मांडणी केली तर अडीच दिवस पुरतात. शिवाय ते गणितच मुद्दाम असे निवडलेले होते की त्याचा व्यवहारात उपयोग नाही. वर्तमानपत्रांतून येणारे ‘सगळी उत्तरे एकाच वेळी तपासणारे यंत्र’ हे वर्णनही खोटे आहे. क्युबिट अनेक शक्यतांच्या मिश्रणात असतो हे खरे, पण मोजायला गेलात की हातात एकच उत्तर येते, तेही नशिबाने. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतील आणि बरोबर उत्तराच्या लाटा एकमेकींना बळ देतील अशी रचना करावी लागते, आणि तशी रचना मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे.

पण हे सगळे आपल्याला सांगितले कोणी? अतिरंजित दाव्यांची हवा काढण्याचे काम आजवर सर्वांत नेमाने सिद्धांतवाल्यांनीच केले आहे. १९९६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लव्ह ग्रोव्हर या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवले की दहा लाख नोंदींच्या विस्कळीत यादीतून हवी ती नोंद क्वांटम यंत्र सुमारे आठशे पायऱ्यांत शोधू शकेल. पुढचा मोह कोणालाही होईल: आठशे का, आठ का नाही? तर ते शक्य नाही, पायऱ्या नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच राहतात, त्या प्रमाणाखाली जाताच येत नाही, हेही गणिताने सिद्ध झालेले आहे. कितीही पैसा ओतला तरी ती भिंत हलणार नाही. २०१८ मध्ये टेक्सासमधल्या यूइन टँग या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीची गोष्ट तर मी दर वर्षी वर्गात सांगतो. ग्राहकाला पुढे काय आवडेल हे सुचवण्याच्या कामात क्वांटम संगणक अफाट वेगवान ठरेल असे तेव्हा मानले जात होते. नेहमीच्या संगणकाला ते जमणार नाही हे सिद्ध कर, असे काम मार्गदर्शकांनी दिले होते. सिद्ध करता करता उलटेच निघाले: नेहमीच्या संगणकालाही ते जवळपास तितक्याच चांगल्या रीतीने जमते. एका विद्यार्थिनीच्या कागदाने एक मोठे आश्वासन खाली बसले. जो समाज हजारो कोटी या क्षेत्रात घालणार आहे त्याला ही तपासणी करणारी माणसे नकोत का? यंत्र विकणारा ती करणार नाही.

आता उलट बाजू. ‘आधी यंत्र येऊ दे, मग गणित बघू’ हा क्रम इतिहासात कुठे दिसतो? १९८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी म्हटले की निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असेल तर त्याची नक्कल करणारे यंत्रही तसेच हवे. १९८५ मध्ये डेव्हिड डॉइच यांनी असा संगणक कागदावर रेखाटला. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवले की मोठ्या संख्येचे अवयव पाडणे या यंत्राला सोपे जाईल, आणि नेमक्या त्याच अवघडपणावर जगातली बरीचशी डिजिटल कुलपे, म्हणजे माहिती गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक पद्धती, उभी आहेत. तेव्हा जगात एकही क्वांटम संगणक नव्हता. शंका घेणारे किरकोळ लोक नव्हते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सर्ज हारोश यांनी १९९६ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिताना हे स्वप्न आहे की दुःस्वप्न असा प्रश्न केला होता. एकेकट्या क्वांटम कणांवर ताबा मिळवण्याच्या कामासाठी पुढे २०१२ मध्ये त्यांनाच नोबेल मिळाले. त्यांचा आक्षेप रास्त होता. क्युबिट इतका नाजूक की आसपासच्या जराशा धक्क्याने त्यातली माहिती विस्कटते. नेहमीच्या संगणकात अशा वेळी तीन प्रती ठेवतात आणि बहुमत घेतात. पण अनोळखी क्वांटम स्थितीची प्रत काढताच येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणजे दुरुस्तीची वाट बंद. ती बंद दिसणारी वाट शोर यांनीच १९९५ मध्ये उघडली: प्रत न काढता एका क्युबिटातली माहिती नऊ क्युबिटांच्या परस्परसंबंधांत पसरवून ठेवायची, म्हणजे एखादा बिघडला तरी माहिती न पाहताच बिघाड तेवढा ओळखता येतो. पाठोपाठ इतरांनी सिद्ध केले की सुट्या भागांतली चूक एका ठराविक मर्यादेखाली आणली, तर भाग वाढवत नेल्यावर एकूण चूक वाढण्याऐवजी घटत जाते. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्युबिटांच्या चिपवर ते डोळ्यांनी दिसले. क्युबिटांची जाळी मोठी करत नेली तशी दर पायरीला चूक सुमारे निम्मी झाली. कागदावरचे वचन खरे व्हायला जवळपास तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत ‘काय उपयोग?’ विचारणाऱ्यांचे ऐकून सगळे उठून गेले असते, तर चिप बनवणाऱ्यांना काय बनवायचे हे तरी कोणी सांगितले असते?

आणि यातले सगळेच पुढच्या काळासाठी राखून ठेवलेले नाही. ६१७ आकडी संख्येचे अवयव पाडून आजचे प्रचलित कुलूप तोडायला किती मोठे यंत्र लागेल? २०१९ मधला हिशेब सांगत होता दोन कोटी क्युबिट, आठ तास. २०२५ मध्ये गूगलचे संशोधक क्रेग गिडनी यांनी नवा हिशेब मांडला: दहा लाखांहून कमी क्युबिट, आठवड्याहून कमी वेळ. यंत्राच्या दर्जाबद्दलची गृहीतके तीच होती. प्रयोगशाळेत एक तारही न हलता, निव्वळ विचाराने लागणारे यंत्र वीसपट लहान झाले आणि धोका जवळ आला. आज चोरून साठवलेली माहिती उद्या उघडता येते, म्हणून कुलपे चोर येण्याआधी बदलावी लागतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची पहिली तीन मानके काढली ती याच कारणाने. आपल्याकडे भाजीवालीच्या गाड्यावरही क्यूआर कोड आहे, सातबारा नि आरटीसीचे उतारे संगणकावर आहेत, पेन्शन फोनवर कळते. ही कुलपे कोणत्या गणितावर टिकतात हे जाणणारी माणसे देशात असावीत की ती आयात करावीत?

त्या सत्कारात सगळ्यांत चांगला प्रश्न मुलाच्या वडिलांनी विचारला. ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला आहेत, लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करतात. वाद चालू असताना गप्प होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सर, पोरगं काय करालंय ते मला कळत न्हाई. ते कळायला पायजे असंबी न्हाई. पण त्याचं काम तपासालंय कोण?’’ मला वाटते, या विषयावर बेळगावात विचारला गेलेला खरा प्रश्न हाच. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा धरावा लागतो. जी वस्तू अजून जन्मली नाही तिच्यात पुढे येणारा दोष पॅटर्नवाला आधीच हिशेबात घेतो. पोरगाही तेच करतो: जे यंत्र अजून पुरते बनलेले नाही त्यातली चूक आधी धरून त्याचा साचा आखतो. फरक एवढाच की वडिलांचा पॅटर्न आठवड्यात गेजवर तपासला जातो आणि मुलाचा साचा तपासायला जगभरातले पाचपन्नास जण बसलेले असतात, त्यांतले काही तो मोडून दाखवायला टपलेले. हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि चहाचे कप गोळा करायला गेले.

पण परवडत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढ्यावर सोडणार नाही, कारण त्यांचे दुःख खरे आहे. पीएचडीची सरकारी फेलोशिप २०२३ पासून सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आहे, पुढे ४२,०००. ती कित्येकदा महिनोन्‌महिने अडकते. पाचसहा वर्षे पीएचडी, मग दोनदोन-तीनतीन वर्षांचे पोस्टडॉक, कधी या देशात, कधी त्या. पस्तिशीपर्यंत कायमची नोकरी नाही. प्राध्यापकांच्या जागा थोड्या, त्यामुळे शिकलेल्यांतल्या बहुतेकांना ती कधीच मिळत नाही. मोठ्या शहरातल्या सुखवस्तू घरात ही वाट पाहणे जमते. ज्या घरात बहिणीचे लग्न आणि छपराचे पत्रे एकाच पगाराकडे बघत असतात तिथे जमत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने, जिला मी आजवर शिकवलेल्या मुलांत पहिल्या तिघांत धरीन, निपाणीला घरी परत जाऊन बी.एड. केले, कारण तिच्या आईची नजर गेली होती. तिला मी ‘विज्ञानासाठी त्याग कर’ असे सांगू शकलो नाही, आणि कोणी सांगू नये. मात्र यातून निघणारा निष्कर्ष ‘गरिबाने सिद्धांताच्या वाटेला जाऊ नये’ हा नाही. तो मान्य केला तर ही विद्या पिढीजात श्रीमंतांची होईल. निष्कर्ष असा की वाट पाहण्याचा खर्च एकट्या घरावर पडू नये.

आणि इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. क्वांटम चिप ज्या फ्रिजमध्ये ठेवतात तो बाह्य अवकाशाहूनही थंड असतो. तसली प्रयोगशाळा बेळगावात उभी राहणे अवघड. सिद्धांताला मात्र फळा, कागद, साधा संगणक आणि बोलायला माणसे लागतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या अर्काइव्ह या संकेतस्थळावर या विषयातले ताजे लेख फुकट वाचता येतात. प्रिन्स्टनमधला माणूस सकाळी जे वाचतो तेच खानापूरचा मुलगा वाचू शकतो. प्रयोगशाळा नसलेल्या गावाला विज्ञानाच्या आघाडीवर जायला सर्वांत स्वस्त दार हेच. ते दार आपणच बंद करत आहोत. बीएस्सी म्हणजे सीईटीत मार्क कमी पडलेल्यांची जागा असे आपण घरोघरी बोलतो, आणि क्वांटमचा पाया असलेले रेषीय बीजगणित मुले सूत्रे पाठ करून पार पाडतात. अशा पायावर ‘क्वांटम’ नावाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स चढवून काय होणार? दुसऱ्या पक्षाला माझा हाच सवाल आहे.

सीमाप्रश्नाचे काय, असे कोणीतरी विचारणारच. सत्कारातही विचारले गेले. कर्नाटकाचा पैसा बंगळूरला जातो, क्वांटम सिटी बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याला होणार, आपल्याला काय? आणि उलट सुरात, आपल्या पोराने त्यांच्या संस्थेत जाऊन त्यांचे नाव का वाढवावे? मी या मातीतला आहे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांपुढे उभा राहिलो की माझाही कंठ दाटतो. पण महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, आणि मुलाचे सतरावे वर्ष त्याच्यासाठी थांबत नाही. हेसरघट्ट्याच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या संस्थेतल्या फळ्यावर लिहिलेले प्रमेय कोणत्याही राज्याचे नसते, पण ते लिहिणारा हात खानापूरचा असू शकतो. तिथपर्यंत जाण्यासाठी आपल्या मुलाला कन्नडही यावे, इंग्रजीही यावे, आणि विचार करताना मराठीची लाज वाटू नये. ज्या मुलाला घरात एक, रस्त्यावर दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा भेटते, त्याला एकच गोष्ट तीन रीतींनी मांडायची सवय लागते. भौतिकशास्त्रात ती सवय फार कामाला येते, हे मी वर्गात पाहिले आहे.

डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! त्याच वर्षी ढाक्यातल्या सत्येंद्रनाथ बोस नावाच्या तरुण प्राध्यापकाने आइन्स्टाइनना चार पानांचा लेख पाठवला होता. ढाका काही विज्ञानाची राजधानी नव्हती. त्या लेखातून ज्या द्रव्याचे भाकीत निघाले ते, बोस-आइन्स्टाइन संघनित, प्रयोगशाळेत १९९५ मध्ये दिसले. देश पारतंत्र्यात आहे, आधी ते सोडवू, हे प्रकाशकणांचे गणित नंतर, असे बोसांना कोणी सांगितले असते तर ते देशभक्तीचेच बोलणे वाटले असते. पुढे त्याच बोसांनी बंगालीतून विज्ञान नेण्यासाठी संस्था काढली. दोन्ही कामे एका माणसात मावली.

भास्कराचार्यांवरही आपला दोन्ही बाजूंनी हक्काचा वाद आहे. त्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडवीड म्हणजे विजापूर, असे इकडे म्हणतात. चाळीसगावजवळचे पाटण, असे तिकडे. ‘आपल्याकडे सगळे होतेच’ म्हणण्यासाठी मी त्यांचा दाखला देत नाही. क्वांटम आपल्याकडे नव्हते. दाखला आहे तो पाटणच्या शिलालेखाचा, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तिथल्या राजाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. त्यात काय आहे? पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला द्यावा, आणि जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यावे. ग्रहांचे गणित तेल्याच्या कोणत्या कामाचे होते? त्याने उपयोग विचारला असेल की नाही, आपल्याला कळायला मार्ग नाही. नियम मात्र दगडावर आहे: घाण्यामागे पळीभर तेल, सिद्धांत शिकणाऱ्या पोरांच्या मठाला.

बेळगावात आज घाणे नसतील, पतसंस्था आहेत, सहकारी बँका आहेत, फाउंड्र्या आहेत आणि १९०५ मध्ये टिळकांनी झेंडा चौकात सुरू केलेल्या उत्सवाची परंपरा सांगणारी मंडळे आहेत. बीएस्सीनंतर प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलाचे एक वर्ष, मुलाखतीला जाण्यायेण्याचे भाडे, फेलोशिप अडकली तर चार महिन्यांची उसनवारी: एका मंडळाच्या एका वर्षाच्या रोषणाईत हे भागेल. रविवारी सकाळी मी रेषीय बीजगणिताचा वर्ग घेतो, मराठीत समजावून आणि इंग्रजीत लिहून. जाताना तो मुलगा आपल्या टिपणांची वही ठेवून गेला आहे, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी, तीच चालवतो. मागच्या महिन्यात त्याचे वडील शिफ्ट सुटल्यावर आले, झेरॉक्सला म्हणून पाचशे रुपये ठेवून गेले. हिशेबाच्या वहीत ती पहिली नोंद आहे. तिच्याखालची ओळ अजून कोरी आहे.